जुन्या संगणकाची गती वाढवावी काय?

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी आज एखादा जुना संगणक असतो. कधी तो वडील बंधूने वापरून बाजूला ठेवलेला असतो, तर कधी एखाद्या कचेरीने नवे यंत्र घेताना स्वस्तात काढून टाकलेला असतो. तो चालतो, परंतु रेंगाळत चालतो. अशा वेळी कोणीतरी त्यांना सांगते की, कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने ह्या यंत्राचा प्रोसेसर चालविता येतो आणि त्यासाठी एक पैही खर्च येत नाही. ह्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. मग विद्यार्थी विचारतात, "सर, हे करावे काय?"

ह्या प्रश्नाची दोन ठराविक उत्तरे त्यांना मिळत असतात. एक पक्ष म्हणतो, "यंत्र जळून जाईल, हात लावू नका." दुसरा पक्ष म्हणतो, "आम्ही केले, काही झाले नाही." मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात नुसती भीती आहे आणि दुसऱ्यात नुसते धाडस. मोजमाप दोहोंतही नाही. माझे मत असे आहे की, जुन्या प्रोसेसरची गती वाढविणे हे पद्धतशीर मोजमाप करून सुरक्षितपणे करता येण्याजोगे काम आहे व त्यापासून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. तथापि ज्या यंत्राच्या उत्तरावर दुसऱ्या कोणाचे हित अवलंबून आहे, त्या यंत्रावर ते करू नये. हे मत कशाच्या आधारावर बनले, ते क्रमाने सांगतो.

भजनी मंडळात टाळ, मृदंग आणि गाणारे सर्वजण एका ठेक्यावर चालतात. प्रोसेसरमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टरही असेच एका ठेक्यावर काम करीत असतात. हा ठेका देणाऱ्या विद्युत्स्पंदांची दर सेकंदाची संख्या म्हणजे प्रोसेसरची वारंवारता होय. उदाहरणादाखल इंटेल कंपनीने जानेवारी २००७ मध्ये विक्रीस आणलेला 'कोअर २ क्वाड क्यू ६६००' हा प्रोसेसर घेऊ. आपल्याकडील जुन्या यंत्रांत तो अजून आढळतो. मदरबोर्डाकडून त्याला सुमारे २६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठेका मिळतो. प्रोसेसर त्याला ९ ह्या गुणकाने गुणतो आणि सुमारे २,४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ गतीने चालतो. मूळ ठेका २६६ वरून ३३३ वर नेला की गुणाकार ३,००० मेगाहर्ट्झच्या घरात जातो. गती सव्वापट होते. बाह्यतः पाहता सारी करामत एवढीच.

परंतु आत काय घडते ते पाहिले पाहिजे. २,४०० मेगाहर्ट्झला दोन ठेक्यांमध्ये सुमारे ४१७ पिकोसेकंदांचे अंतर असते. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग. ४१७ पिकोसेकंदांत प्रकाशाचा किरणसुद्धा केवळ साडेबारा सेंटिमीटर पुढे जातो. एवढ्या अवधीत विद्युत्संकेताला ट्रान्झिस्टरांच्या एका लांबलचक रांगेतून वाट काढून पुढच्या ठेक्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे लागते. गती ३,००० मेगाहर्ट्झवर नेली की हा अवधी ३३३ पिकोसेकंदांवर येतो. जो संकेत वेळेत पोहोचला नाही, त्याच्या जागी आधीचाच अंक टिपला जातो. तेथे काही तुटत नाही, ठिणगी पडत नाही, वास येत नाही. केवळ एक अंक चुकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचनाचा रोख तिच्यावरच आहे.

मग सव्वापट गतीने प्रोसेसर चालतो तरी कसा? त्याचे कारण असे की, कारखानदाराने गती ठरविताना काही शक्ती राखून ठेवलेली असते. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या दोन चिप्ससुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. त्यांची परीक्षा घेऊन त्यांना गतीची प्रत लावावी लागते. ती लावताना, परवानगी असलेल्या सर्वांत जास्त तापमानात, सर्वांत कमी विद्युत्दाबावर आणि कित्येक वर्षांच्या झिजेनंतरही उत्तर बरोबर यावे, एवढी तरतूद केलेली असते. शिवाय व्यापाराचीही गरज असते. सन १९९८ मधील सेलेरॉन ३०० ए ह्या स्वस्त प्रोसेसरची गोष्ट ह्या विषयाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा मूळ ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० वर धावे, आणि पुष्कळांच्या घरी तो तसा वर्षानुवर्षे धावलाही. त्याला लावलेली प्रत त्याच्या अंगच्या कुवतीपेक्षा बरीच खालची होती.

ह्यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, राखून ठेवलेली शक्ती म्हणजे कारखानदाराने आपल्यापासून लपविलेला माल होय. हा निष्कर्ष मला मान्य नाही. शेतकरी बियाणे राखून ठेवतो, म्हणून कणगीतील ते धान्य फुकट पडले आहे असे कोणी म्हणत नाही. प्रोसेसरमधील ही राखीव शक्ती उन्हाळ्यासाठी, पडत्या विद्युत्दाबासाठी आणि म्हातारपणासाठी ठेवलेली असते. ती खर्च करण्यास हरकत नाही; पण आपण काय खर्च करीत आहोत, ते आधी ओळखले पाहिजे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. प्रोसेसर काम करताना जी उष्णता बाहेर टाकतो, तिचा मोठा भाग वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढतो. केवळ गती सव्वापट केली, तर हा भागही सव्वापट होतो. परंतु वाढीव गतीला प्रोसेसर अडखळू लागला की दाब वाढवावा लागतो, आणि तेथे वर्गाचा नियम आपला हिस्सा मागतो. समजा, दाब १.२५ व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर नेला. वाढ केवळ ८ टक्क्यांची दिसते. पण तिचा वर्ग जवळजवळ १७ टक्क्यांचा होतो आणि गतीच्या सव्वापटीशी गुणला असता उष्णता सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पूर्ण भाराखाली पूर्वी ९५ वॅट लागत असतील, तर आता १३८ वॅट लागतील. गती मिळाली २५ टक्के आणि किंमत द्यावी लागली ४६ टक्के. दिवसाकाठी आठ तास असा भार राहिला, तर विजेच्या बिलात रोज एक तृतीयांश युनिटाहून थोडी अधिक भर पडते.

ही उष्णता हीटसिंक आणि पंखा ह्यांच्या द्वारे खोलीतील हवेत जाते. हवेपेक्षा प्रोसेसर थंड करणे पंख्याला शक्य नाही. खोलीच्या तापमानावर काही अंशांची भर ही पडणारच. समजा, आपल्या हीटसिंकची योग्यता अशी आहे की, दर वॅटमागे प्रोसेसर ०.३ अंशाने तापतो. तर १३८ वॅटला तो खोलीपेक्षा सुमारे ४२ अंश अधिक तापेल. जानेवारीत खोलीचे तापमान २० अंश असताना हा आकडा ६२ वर थांबेल. परंतु मे महिन्यात नागपुरात किंवा उत्तरेकडील मैदानी मुलखात दुपारी बंद खोलीत ४२ अंश तापमान झाले, की तोच संगणक, तेच काम करताना, ८४ अंशांवर जाईल. गती वाढविलेली नसती तर तो ७० अंशांच्या आसपास राहिला असता. थंड देशांतील लोकांनी लिहिलेल्या सूचना आपण जशाच्या तशा उचलतो. तेव्हा त्यांची खोली आणि आपली खोली ह्यांतील वीस अंशांचा फरक आपल्या राखीव शक्तीतून वजा झालेला असतो, हे आपण विसरतो. त्यातच तापलेल्या धातूच्या तारांचा रोध वाढतो आणि नेहमीच्या विद्युत्दाबावर तापलेले ट्रान्झिस्टरही मंदावतात. थंडीत वेळेवर पोहोचणारा संकेत उन्हाळ्यात नेमका उशिरा पोहोचतो.

ह्याचा अनुभव मला काही वर्षांपूर्वी आला. मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो, तेथील एका विद्यार्थ्याने जुना क्यू ६६०० प्रोसेसर असलेला संगणक स्वतः दुरुस्त केला आणि जानेवारीत त्याची गती ३ गिगाहर्ट्झवर नेली. मुलगा काळजीपूर्वक काम करणारा होता. त्याने रात्रभर परीक्षा घेतली व यंत्र उत्तीर्ण झाले. मग त्या यंत्रावर त्याने आसपासच्या खेड्यांतील विहिरींच्या पाण्याच्या पातळीचा हिशेब मांडला. मोजणी विद्यार्थ्यांनीच उन्हातान्हात हिंडून केली होती आणि तिचे निष्कर्ष त्या त्या गावांना कळवावयाचे होते. मे महिन्यात एका दुपारी त्याने सहज तोच हिशेब दुसऱ्यांदा चालविला आणि बेरीज निराळी आली. तिसऱ्यांदा चालविला, तेव्हा ती पहिल्यासारखी आली. संगणक बंद पडला नव्हता, पडदा निळा झाला नव्हता, कसलीही सूचना आली नव्हती. तो मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आता मागच्या तीन महिन्यांतले कोणते आकडे खरे धरायचे?" त्याच्या ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सर्व हिशेब मूळ गतीवर पुन्हा करावा लागला. सुदैवाने गावांना पत्रे गेली नव्हती. ती गेली असती, तर विहीर कोठे खोल करावी आणि कोठे करू नये, हे कोणीतरी त्या आकड्यांवरून ठरविले असते.

यंत्र जळण्याची भीती लोकांना वाटते. परंतु गेल्या कित्येक वर्षांतील प्रोसेसर फार तापले तर आपली गती आपणच कमी करतात आणि अगदी हाताबाहेर गेले तर यंत्र बंद करतात. बाष्पयंत्राच्या सुरक्षा-झडपेसारखी ही सोय आहे. झडप बाष्पकाला वाचविते. त्या बाष्पावर चालणाऱ्या मागाने कापड नीट विणले की नाही, हे ती पाहत नाही. म्हणून खरा धोका जळण्यात नसून मुकाट्याने चुकण्यात आहे, असे मी म्हणतो.

संगणक मुकाट्याने चुकू शकतो ह्यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी सन १९९४ मधील पेंटियम प्रोसेसरचे प्रकरण आठवावे. अमेरिकेतील थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असताना त्यांना उत्तरात विसंगती आढळली. भागाकाराच्या मंडलातील एका कोष्टकात काही नोंदी राहून गेल्या होत्या. परिणामी ४१९५८३५ ह्या संख्येला ३१४५७२७ ने भागले असता १.३३३८२० ऐवजी १.३३३७३९ असे उत्तर येई. हा रचनेतील दोष होता. गती वाढविण्याशी त्याचा संबंध नव्हता. परंतु त्यातील बोध आपल्या विषयास लागू पडतो. नाइसली ह्यांनी उत्तर दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहिले नसते, तर त्यांना ती चूक कळली नसती. पुढे २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे १० लक्ष घरगुती संगणकांच्या बिघाडांच्या नोंदी तपासून प्रबंध प्रसिद्ध केला. गती वाढविलेली यंत्रे इतरांपेक्षा पुष्कळ अधिक वेळा कोसळतात, असे त्यांना आढळून आले. ही मोजदाद कोसळलेल्या यंत्रांची आहे. जी न कोसळता चुकली, त्यांची मोजदाद कोण करणार?

एवढे जाणून ज्याला हा प्रयोग करावयाचा आहे, त्याने तो कसा करावा, ते आता सांगतो.

प्रथम संगणकातील सर्व कागदपत्रे व छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी. कॅबिनेट उघडून धूळ साफ करावी. हीटसिंकखालील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. एस.एम.पी.एस. जुना वा हलक्या प्रतीचा असेल, अथवा मदरबोर्डावरील कपॅसिटर वरून फुगलेले दिसत असतील, तर प्रयोग तेथेच थांबवावा; मोडक्या गाडीला तेज बैल जुंपण्यात अर्थ नाही. नंतर मूळ गतीवरच यंत्राची पूर्ण परीक्षा घ्यावी. पुष्कळ जुनी यंत्रे येथेच नापास होतात, आणि हा निकाल मिळणे हाच मोठा लाभ असतो.

मग बायॉसमध्ये जाऊन पी.सी.आय. एक्सप्रेसची वारंवारता १०० मेगाहर्ट्झवर आणि पी.सी.आय.ची ३३ मेगाहर्ट्झवर स्थिर करावी. नाही तर मूळ ठेक्याबरोबर इतर भागांचा ठेकाही वाढतो आणि डिस्कवरील लेखन बिघडण्याचा संभव असतो. रॅमची गती तिच्या नेमून दिलेल्या मर्यादेत राहील असे गुणोत्तर निवडावे. ३३३ मेगाहर्ट्झच्या ठेक्याला डी.डी.आर.२-६६७ जातीची रॅम तिच्या मर्यादेतच चालते. विद्युत्दाबाची निवड स्वयंचलित न ठेवता मूळ आकड्यावर बांधून टाकावी. कारण काही मदरबोर्ड गती वाढविताच आपल्याला न विचारता दाबही वाढवितात.

त्यानंतर ठेका दर वेळी ५ ते १० मेगाहर्ट्झने वाढवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवावा: ठेका, दाब, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि परीक्षेचा निकाल. परीक्षेसाठी प्राइम९५ ही आज्ञावली उपयोगी पडते. ती मूळ संख्यांच्या शोधासाठी निर्माण झाली असून, तिच्यातील परीक्षेत आलेले उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहिले जाते. त्यामुळे मुकाट्याने झालेली चूकही पकडली जाते. रॅमची परीक्षा मेमटेस्टने निराळी घ्यावी. पहिली चूक दिसताच दाब वाढविण्याचा मोह आवरावा आणि एक पायरी मागे यावे. तेथून आणखी एक पायरी मागे यावे. ही दुसरी पायरी मे महिन्यासाठी होय. जानेवारीतील निकाल जानेवारीपुरताच खरा धरून उन्हाळ्यात सारी परीक्षा पुन्हा घ्यावी. यंत्र सुरूच झाले नाही, तर मदरबोर्डावरील जंपरच्या साह्याने बायॉसची मांडणी मूळ स्थितीत आणता येते; हा जंपर कोठे आहे ते आधीच पाहून ठेवावे.

दाबाविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. क्यू ६६०० च्या माहितीपत्रकात वरची मर्यादा १.५ व्होल्ट दिलेली असली, तरी तेथवर जाणे मला अविचाराचे वाटते. वाढता प्रवाह आणि वाढते तापमान ह्यांमुळे चिपमधील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू आपली जागा सोडतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक ह्यांनी १९६९ मध्ये ह्याचे सूत्र मांडले. प्रवाहाची घनता आणि तापमान वाढले की तारेचे आयुष्य किती झपाट्याने घटते, ते त्यावरून दिसते. प्रोसेसर आधीच पंधरा-वीस वर्षे राबलेला असेल, तर म्हातारपणासाठी ठेवलेली शिल्लक त्याने बरीचशी खर्च केलेली असते. मूळ दाबावर जेवढी गती मिळेल तेवढीवर समाधान मानणे, हा नवशिक्याला मी देत असलेला सल्ला होय.

इतके करून हाती काय येते, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जुना संगणक रेंगाळतो तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हे, तर फिरत्या डिस्कमुळे आणि अपुऱ्या रॅममुळे. त्या जागी एस.एस.डी. बसविली आणि रॅम वाढविली, तर जो फरक पडतो तो सव्वापट गतीने पडत नाही. शिवाय काही उणिवा गतीने भरून निघत नाहीत. सन २०२४ मध्ये निघालेल्या विंडोज ११ च्या २४एच२ ह्या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एस.एस.ई. ४.२ नावाच्या ज्या आज्ञा लागतात, त्या क्यू ६६०० मध्ये मुळातच नाहीत. तो कितीही वेगाने पळविला, तरी त्या येणार नाहीत.

मग हा प्रयोग करावाच कशासाठी? माझे उत्तर असे की, तो शिकण्यासाठी करावा. वर्गाचा नियम, उष्णतेचे वहन, एका वेळी एकच घटक बदलण्याची शिस्त, परीक्षेचा निकाल कोणत्या परिस्थितीपुरता खरा असतो ह्याची जाण, ह्या गोष्टी फळ्यावर शिकविताना मला जेवढे कष्ट पडले, त्याच्या निम्म्यानेही त्या जुन्या यंत्रापुढे बसलेल्या मुलांना समजावताना पडले नाहीत. कचेऱ्यांतून निघणाऱ्या जुन्या संगणकांपैकी एखाददुसरा प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ह्या कामासाठी ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवितो. त्यावर ठळक अक्षरांत लिहावे: 'ह्या यंत्राचे उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नये.'

परंतु ज्या यंत्रावर दवाखान्यातील नोंदी आहेत, पतपेढीचे हिशेब आहेत, विद्यार्थ्यांचे गुण आहेत किंवा विहिरींच्या पाण्याची पातळी आहे, ते यंत्र मूळ गतीवरच चालू द्यावे. आपल्या यंत्रातील राखीव शक्ती आपण आपल्या खेळासाठी किंवा अभ्यासासाठी खुशाल खर्चावी. ती आपली आहे. परंतु ज्या माणसाला त्या यंत्राचे उत्तर तेवढे मिळते, ज्याने आपली वही पाहिलेली नाही आणि ज्याला जानेवारी-मे चा फरक कोणी सांगितलेला नाही, त्याच्या वाट्याची शक्ती खर्च करण्याचा अधिकार आपणांस नाही. त्या विद्यार्थ्याने पुढे आपल्या संगणकाची गती पुन्हा वाढविली, हे मला ठाऊक आहे. मात्र गावांचे हिशेब त्याने त्यानंतर नेहमी दुसऱ्या यंत्रावर, मूळ गतीने आणि दोनदा केले.